ज्याची गोष्ट, त्याचाच आवाज

आमच्या कपाटात एक जुनी कॅसेट आहे. तिच्यावरच्या कागदावर निळ्या शाईने आमच्या मामंजींचे नाव लिहिलेले आहे. पण ती टेपरेकॉर्डरमध्ये घातली, तर ऐकू येतो लग्नातला बँड.

त्याचे असे झाले. १९९६ साली आमच्या नणंदेने आपल्या पहिल्या पगारातून टेपरेकॉर्डर आणला. एका रविवारी तिने मामंजींना समोर बसवले आणि गाव सोडून मुंबईला कसे आलात, गिरणीत बदली कामगार म्हणून कसे लागलात, १९८२ च्या संपानंतर घर कसे चालवलेत, असे एकेक विचारले. मामंजी एरवी अबोल माणूस. त्या दिवशी मात्र कॅसेटच्या दोन्ही बाजू संपेपर्यंत बोलले. पुढे १९९९ मध्ये त्याच नणंदेचे लग्न निघाले. ऐन हळदीच्या दिवशी कोरी कॅसेट सापडेना, आणि हाताला आली ती कॅसेट कुणीतरी घातली. कुणी घातली यावरून आमच्याकडे बरीच वर्षे वाद चालला. आज लिहूनच टाकतो. ती आम्हीच घातली होती. २००१ साली मामंजी गेले. त्यांचे फोटो आहेत, गिरणीचे ओळखपत्र आहे, पण आवाज नाही.

आम्ही म्हणजे एका घरातल्या दोघी जावा. कल्याणच्या पुढे आमची चाळ आहे. घरात आमचे यजमान, सत्तरी ओलांडलेल्या आत्याबाई आणि एक कॉलेजात शिकणारी मुलगी. ती एकीची लेक आणि दुसरीची पुतणी. हाक मात्र दोघींनाही आई म्हणूनच मारते. तिला इंग्रजी चांगले येते. आम्हाला येत नाही. गेल्या पावसाळ्यात, रात्री आम्ही भाकरी थापत असताना, तिने मोबाईलवर काहीतरी लावले आणि थांबवून थांबवून मराठीत सांगू लागली. तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात जगभरची माणसे बोलू लागली.

हा प्रकार काय आहे ते आधी सांगतो. याला श्राव्य माहितीपट म्हणतात, म्हणजे चित्र नसलेला, नुसता ऐकायचा माहितीपट. बातम्यांत निवेदक बोलतो आणि श्रुतिकेत नट बोलतात. यात ज्याची गोष्ट आहे तो माणूस स्वतः बोलतो. मागे त्याच्या घरातली भांडी वाजतात, जिन्यावर पावले वाजतात, बोलता बोलता तो अडखळतो, गप्प होतो, आणि ते गप्प होणेही ऐकू येते. दूरदर्शन बघताना हातातले काम थांबते. हे ऐकता ऐकता भाकरी थापता येते, शिवणाचे मशीन चालवता येते. कामकरी बाईला परवडणारी ही करमणूक आहे, असे आम्हाला पहिल्यांदा वाटले. पुढे कळले की ही नुसती करमणूक नाही.

मुलीने पहिल्यांदा लावला तो कार्यक्रम होता इंग्लंडमधल्या एका रेल्वे ड्रायव्हरचा. त्याचे नाव जॉन ॲक्सन. ९ फेब्रुवारी १९५७ रोजी तो वाफेच्या इंजिनाची मालगाडी घेऊन निघाला होता. ब्रेककडे वाफ नेणारी नळी फुटली आणि उकळती वाफ ड्रायव्हरच्या जागेत घुसली. पुढे उतार होता. ॲक्सनने आपल्या सोबतच्या फायरमनला उडी मारायला सांगितले. स्वतः मात्र गाडी सोडली नाही. उतारावरून सुटलेली ती गाडी चॅपल-एन-ल-फ्रिथ या स्टेशनजवळ पुढच्या मालगाडीवर आदळली. त्या अपघातात ॲक्सन आणि पुढच्या गाडीचा गार्ड असे दोघे गेले. ॲक्सनला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस हे मोठे पदक मिळाले.

बीबीसी रेडिओवर चार्ल्स पार्कर नावाचा एक निर्माता होता. त्याने यावर कार्यक्रम करायचे ठरवले आणि गीतकार-गायक युवन मकॉल याला सोबत घेतले. त्या काळची रीत अशी होती की कामगारांशी बोलून माहिती गोळा करायची, लेखकाने त्यावर संहिता लिहायची, आणि ती नटांनी वाचायची. कामगाराचे बोलणे म्हणजे कच्चा माल. पक्का माल साहेबांच्या तोंडून बाहेर पडायचा. हे दोघे टेपरेकॉर्डर घेऊन ॲक्सनच्या सहकाऱ्यांकडे आणि त्याच्या पत्नीकडे गेले. परत येऊन टेप ऐकल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आले की या माणसांच्या बोलण्यापुढे कोणत्याही नटाचे बोलणे फिके पडेल. मग त्यांनी नट काढून टाकले. रेल्वे कामगारांचे खरे आवाज तसेच ठेवले आणि मध्ये मध्ये गाणी घातली. १९५८ साली हा कार्यक्रम प्रसारित झाला. पुढे पेगी सीगर या अमेरिकन गायिकेसह त्यांनी १९६४ पर्यंत असे आठ कार्यक्रम केले. त्यांना रेडिओ बॅलड म्हणतात, म्हणजे रेडिओवरचे पोवाडेच म्हणा ना! कोळसा खाणीतले मजूर, मासेमारी करणारे, गावोगाव भटकणारे लोक, असे त्यांचे विषय होते.

त्यांतलाच एक कार्यक्रम १९५९ सालचा, रस्ता बांधणाऱ्या मजुरांवरचा. लंडनहून उत्तरेकडे जाणारा मोठा मोटाररस्ता तेव्हा बांधला जात होता आणि त्यावर आयर्लंडहून आलेले कितीतरी मजूर राबत होते. मुलगी आम्हाला हे सांगत होती. आत्याबाई कोपऱ्यात लसूण सोलत बसल्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, “रस्ता तर म्या बी केलाय.”

आम्ही दोघींनी मागे वळून पाहिले. या घरात येऊन आम्हाला पंचवीस वर्षांवर झाली. आत्याबाईंनी रस्ता केला, हे आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. “कधी हो आत्याबाई?” असे विचारले, तर त्या म्हणाल्या, “असू द्या. तुमचं चालू द्या.” आणि पुन्हा लसूण सोलू लागल्या. आम्हीही जोर केला नाही. कॅसेटची आठवण मात्र त्या रात्री झाली.

पुढच्या आठवड्यात मुलीने अमेरिकेतला कार्यक्रम लावला. तो १९९३ सालचा. शिकागो शहराच्या दक्षिण भागात आयडा बी. वेल्स होम्स नावाची सरकारी वसाहत होती. ती १९४१ साली काळ्या कुटुंबांसाठी उघडली होती. जिच्या नावाने ती वसाहत, ती आयडा बी. वेल्स १८६२ साली गुलामीत जन्मलेली आणि पुढे पत्रकार झालेली बाई. काळ्या माणसांना जमाव पकडून फासावर लटकवत असे, त्याविरुद्ध तिने गावोगाव जाऊन माहिती गोळा केली आणि छापली. अशा बाईच्या नावाची वसाहत पुढे दारिद्र्य, नशा आणि गोळीबार यांसाठीच वर्तमानपत्रात येऊ लागली.

डेव्हिड आयसे नावाच्या रेडिओ निर्मात्याने तिथल्या दोन मुलांच्या हाती टेपरेकॉर्डर दिला. लीॲलन जोन्स तेरा वर्षांचा आणि लॉइड न्यूमन चौदा वर्षांचा. एक वसाहतीत राहणारा, दुसरा तिच्या लगतच्या घरात. दहा दिवस या पोरांनी आपले जगणे टेप केले. शाळेत जाताना, बसमधून वस्तीबाहेर जाताना, घरी आजीशी बोलताना. पुलावरून खाली जाणाऱ्या गाड्यांवर दगड मारतानासुद्धा! लॉइडची आई वारलेली आणि बाप दारूत बुडालेला. त्या बापाशी लॉइड बोलतो. लीॲलन आपल्या आईला बापाविषयी विचारतो. पत्रकार म्हणून कुणी बाहेरचा गेला असता, तर त्याला ही उत्तरे मिळालीच नसती. आई पोटच्या पोराला जे सांगते, ते पाहुण्याला सांगत नाही. जेमतेम अर्ध्या तासाचा हा कार्यक्रम अमेरिकाभर ऐकला गेला. 'घेट्टो लाइफ १०१' हे त्याचे नाव.

मग ऑक्टोबर १९९४ मध्ये त्याच वसाहतीत एक भयंकर प्रकार घडला. पाच वर्षांच्या एरिक मॉर्स या मुलाला दहा आणि अकरा वर्षांच्या दोन मुलांनी चौदाव्या मजल्याच्या खिडकीतून खाली टाकले. त्याने त्यांच्यासाठी गोळ्या-चॉकलेट चोरायला नकार दिला होता. एरिकचा आठ वर्षांचा भाऊ तिथेच होता. त्याने हात धरून ठेवायचा प्रयत्न केला. हात सुटल्यावर तो जिने उतरत धावला, खाली जाऊन भावाला झेलता येईल म्हणून. मुलीने हे सांगितले तेव्हा तवा तसाच तापत राहिला. भाकरी टाकायची आम्हाला शुद्ध नव्हती.

लीॲलन आणि लॉइड यांनी पुन्हा टेपरेकॉर्डर उचलला. या वेळी त्यांनी एकच प्रश्न धरला की दहा-अकरा वर्षांची मुले असे कसे करू शकतात. त्यांनी वस्तीतली माणसे शोधली आणि त्यांच्याशी बोलले. १९९६ साली तो कार्यक्रम प्रसारित झाला आणि त्याला पीबडी हा मानाचा पुरस्कार मिळाला. ती वसाहत आता राहिली नाही. २०११ पर्यंत ती टप्प्याटप्प्याने पाडून झाली. लॉइड न्यूमन डिसेंबर २०२२ मध्ये, त्रेचाळीसाव्या वर्षी वारला. पण चौदा वर्षांच्या लॉइडचा आवाज आमच्या मोबाईलवर आहे. इमारत गेली आणि माणूस गेला, तरी पोरगा अजून बोलतो आहे.

इथे आमच्या दोघींत वाद झाला, तोही सांगितला पाहिजे. आमच्यातली धाकटी म्हणाली, “हे बरं नाही. गरिबाच्या घरातली दारू, भांडणं, मारामाऱ्या ऐकून वरच्या वस्तीतली माणसं काय करणार? अरेरे म्हणतील आणि झोपतील. आपल्या वस्तीचं असं कुणी केलं तर आपल्याला चालेल का?” तिचे म्हणणे खोटे नाही. आमच्याही चाळीत कॅमेरे घेऊन माणसे आलेली आहेत. गटारापाशी उभे राहून, नाकाला रुमाल लावून बोलली आणि निघून गेली. आम्ही दोरीवर कपडे वाळत घालत होतो, ते मागे दिसले असतील तेवढेच.

थोरली म्हणाली, “पण रुमाल लावून बोलणारा वेगळा, आणि या पोरांचं वेगळं. ती स्वतःच्या घराबद्दल बोलतायत. दगड मारला तर मी मारला म्हणून सांगतायत. आजीवर माया आहे तीही ऐकू येते. वर्तमानपत्रात नुसती गुन्ह्याची बातमी आली असती. त्यात आजी कुठून आली असती?”

हा वाद आमच्यात पूर्ण मिटलेला नाही. पण एवढे दोघींनाही पटले की सगळा प्रश्न यंत्र कुणाच्या हातात आहे याचा आहे. ज्याच्याबद्दल बोलायचे त्याच्याच हातात ते असले, तर तो काय सांगायचे आणि काय झाकायचे हे स्वतः ठरवू शकतो. अर्थात, पुढे कापाकापी करून, जोडून कार्यक्रम बनवणारा दुसराच असतो, हेही विसरता येत नाही. दहा दिवसांच्या टेपमधून अर्धा तास निवडायचा म्हणजे बाकीचे सगळे बाजूला पडले. ते कुणी बाजूला टाकले आणि बोलणाऱ्याला विचारून टाकले का, हे विचारायलाच हवे.

धाकटीचे मन थोडे वळले ते थेंबीमुळे. थेंबी न्गुबाने ही दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनजवळच्या खायेलित्शा या वस्तीतली मुलगी. पत्र्यांच्या घरांची ती अफाट वस्ती. जो रिचमन नावाच्या अमेरिकन रेडिओ निर्मात्याची तिच्याशी भेट झाली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि तिला एड्स होता. त्या काळी तिथे या रोगाचे नाव घ्यायलाही माणसे भीत. रोग आहे म्हणून कळले तर शेजारी तोंड फिरवत. रिचमनने तिला टेपरेकॉर्डर दिला आणि वर्षभर तिने आवाजाची डायरी ठेवली. ती सकाळी आरशासमोर उभी राहते आणि आपल्या रक्तातल्या विषाणूशी बोलते. बिनबोलावता घरात घुसलेल्या माणसाला दम द्यावा, तसे! आपल्या बापाला आपला आजार सांगायला जाते, तेही तिने टेप केले. ते ऐकताना आमचाच श्वास अडकला.

२००६ साली तो कार्यक्रम अमेरिकेत प्रसारित झाला. थेंबी अमेरिकेत गेली, लोकांसमोर उभी राहून बोलली. २००९ मध्ये, चोवीसाव्या वर्षी, औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाने ती गेली. मागे लहान मुलगी राहिली. धाकटी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “त्या पोरीला आईचा आवाज तरी मिळाला.” आमच्या कपाटातली कॅसेट त्या वेळी कुणाच्याही मनात आली नसेल असे नाही.

आवाजाचे एवढे काय, असे कुणी म्हणेल. फोटो असतो, लिहिलेले असते. पण बाबासाहेबांची १९५५ साली बीबीसी रेडिओने घेतलेली इंग्रजी मुलाखत मोबाईलवर ऐकताना आपण काय अनुभवतो ते आठवावे. आमच्या आत्याबाईंना त्यातला एक शब्द कळत नाही. तरी ती लावली की त्या डोक्यावरचा पदर सारखा करतात आणि संपेपर्यंत हलत नाहीत. भिंतीवरच्या फोटोसमोर त्या हात जोडतात, पण असे ऐकत बसत नाहीत.

हे सगळे परदेशातले झाले. आपल्या शेजारीच काय घडले तेही मुलीने शोधून काढले. तेलंगणात जहीराबादजवळ माचनूर नावाचे गाव आहे. त्या भागातल्या दलित शेतकरी बायकांचे गावोगाव संघ आहेत आणि डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था त्यांच्याबरोबर काम करते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस या बायकांनी ध्वनिमुद्रण शिकून घेतले. बियाणे कसे राखायचे, कोणत्या जमिनीत काय पेरायचे, बाळंतिणीला काय द्यायचे, जुनी गाणी, असे सगळे त्या टेप करू लागल्या. पण सरकारचा परवाना नव्हता, म्हणून रेडिओवर लावता येईना. तर त्या बायका कॅसेटच संघाच्या बैठकांत नेऊन ऐकवीत. अशी दहाएक वर्षे त्यांनी कळ काढली.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता की हवेतल्या ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. तो निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. २००६ मध्ये सरकारने सामाजिक संस्थांना आपापली छोटी रेडिओ केंद्रे चालवायला परवानगी दिली. १५ ऑक्टोबर २००८ रोजी माचनूरचे 'संघम रेडिओ' हे केंद्र सुरू झाले आणि त्याचे उद्घाटन सावंत यांनीच केले. केंद्र चालवणाऱ्या दोघीजणी, दोघींचेही नाव नरसम्मा. शेतमजुरांच्या घरातल्या या मुली माईक धरत, यंत्राची बटणे सांभाळत आणि आपल्या आयाबायांच्या बोलीत बोलत. शुद्ध तेलुगू नव्हे, घरातली तेलुगू!

आत्याबाईंना हे फार आवडले. “त्या बी आपल्यावानी बोलत्यात?” असे त्यांनी दोनदा विचारले. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, “मग माझं बी घ्या.”

आता आली पंचाईत. घ्यायचे म्हणजे कसे? मुलीने सांगितले की शिकागोच्या मुलांना टेपरेकॉर्डर देणाऱ्या डेव्हिड आयसेनेच २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल या भल्यामोठ्या रेल्वे स्टेशनात एक छोटी खोली उभारली आणि त्या उपक्रमाला 'स्टोरीकोअर' असे नाव दिले. सामान्य माणसांनी दोघांनी तिथे यायचे. नातू आणि आजी, नवरा आणि बायको, दोन मित्र. चाळीस मिनिटे एकमेकांशी बोलायचे. बोलणे ध्वनिमुद्रित होते, आणि माणसांची परवानगी असली तर त्याची एक प्रत अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ठेवली जाते. तिथे राष्ट्राध्यक्षांचे कागद आहेत, आणि तिथेच झाडूवाल्याचे आणि बसड्रायव्हरचे बोलणे आहे. त्या खोलीचे उद्घाटन स्टड्स टर्केल या एक्क्याण्णव वर्षांच्या म्हाताऱ्याने केले. त्याने जन्मभर शिकागोच्या रेडिओवर माणसांना बोलते केले आणि कामगारांच्या मुलाखतींची मोठी पुस्तके केली होती.

आम्ही ठरवले की आमचे स्वयंपाकघर हीच आमची ती खोली. एका रविवारी दुपारी पंखा बंद केला, कारण त्याची घरघर आवाजात मिसळते. कुकर लावला नाही. खिडकी लावून घेतली, तरी लोकल जाताना ऐकू येतच होती. ती असू दे म्हटले, आमच्या घराचा तोच आवाज आहे. मोबाईल पिठाच्या डब्यावर, आत्याबाईंपासून वीतभर अंतरावर ठेवला. आणि पहिला प्रश्न विचारला, “आत्याबाई, रस्ता कुठला?”

१९७२ चा दुष्काळ. बीड जिल्ह्यातले गाव. मामंजी मुंबईला गिरणीत. आत्याबाई अठरा वर्षांच्या, पदरात पहिले लेकरू. सरकारी कामावर खडी फोडायला त्या जात, आणि त्याच टोळीत त्यांची आईही होती. लेकराला बाभळीच्या झाडाला झोळी बांधून ठेवत. बोटांना चिंध्या गुंडाळायच्या, तरी नखे काळीनिळी व्हायची. दगडाची कपची डोळ्यात जाऊ नये म्हणून पदर पुढे ओढून, डोळे अर्धे मिटून घण मारायचा. खडीचा ढीग मुकादम मोजायचा, मग हजेरी. खायला सुकडी मिळायची आणि मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी. “भाकर लालभडक व्हायची, गळ्याखाली उतरायची न्हाई,” असे म्हणून त्या हसल्या.

“कुठला रस्ता म्हणजे?” आम्ही पुन्हा विचारले. त्यांनी सांगितले आणि आम्ही एकमेकींकडे पाहिले. गावाला जाताना एस.टी.चा शेवटचा टप्पा ज्या रस्त्याने जातो, तोच. लग्न होऊन आलो तेव्हापासून दरवर्षी त्या रस्त्याने आम्ही जात आलो आहोत. खड्डे लागले की रस्ता करणाऱ्याच्या नावाने बोटे मोडत आलो आहोत. आणि शेजारच्या सीटवर आत्याबाई गप्प बसलेल्या असत.

“मग कधी बोललात कसं नाही?”

“तुम्ही कुठं इचारलंत?”

पुढे त्या आपल्या आईबद्दल सांगू लागल्या. त्या उन्हाळ्यात कामावर काय झाले, इथपर्यंत आल्या आणि थांबल्या. मोबाईलकडे बोट करून म्हणाल्या, “आता ते बंद करा.” मुलीने लगेच बंद केला. त्यानंतर त्या जे बोलल्या ते आम्हा तिघींकडे आहे, आणि ते इथे लिहिणार नाही. शिकागोच्या वादात धाकटी जे विचारत होती, त्याचे उत्तर आम्हाला त्या बोटात मिळाले. सांगायचे किती हे सांगणाऱ्याने ठरवायचे आणि ऐकणाऱ्याने मानायचे.

संध्याकाळी आत्याबाई म्हणाल्या, “लावा बरं, काय बोलले ते.” मुलीने लावले. त्यांनी आपला आवाज असा कधी ऐकला नव्हता. मान तिरकी करून ऐकत राहिल्या. मग डोळे मोठे करून म्हणाल्या, “आगं, हा तर माझ्या आईचा आवाज हाये.”

भगिनींनो, हे वाचून झाल्यावर एकच करा. तुमच्या घरात सासू असेल, आई असेल, गिरणीतून, रेल्वेतून, नगरपालिकेतून निवृत्त झालेले वडील असतील, त्यांच्यासमोर एक दुपार बसा. “तुमचं आयुष्य सांगा” असे मोठे काही विचारू नका, माणूस गांगरतो. छोटे विचारा. पहिला पगार किती होता, तो कुणाच्या हातात दिला, डब्यात काय असायचे, कामावर मैत्रीण कोण होती. मध्ये बोलू नका. ते गप्प झाले तर तुम्हीही गप्प बसा, पुष्कळदा खरी गोष्ट त्यानंतर येते. बंद करा म्हणाले तर बंद करा. झाल्यावर त्यांना ऐकवा, आणि कुणाला ऐकवायचे ते त्यांनाच विचारा. आणि त्याची दुसरी प्रत नातेवाइकाच्या मोबाईलवर लगेच पाठवून ठेवा. मोबाईल हरवतो, बिघडतो.

आम्ही आता एक गोष्ट केली आहे. मामंजींची ती कॅसेट फेकलेली नाही. तिच्याच शेजारी एक वही ठेवली आहे, आणि त्या रविवारी मामंजी काय काय बोलले होते, ते ज्याला जेवढे आठवेल तेवढे त्याने लिहायचे, असे ठरवले आहे. नणंदेने दोन पाने लिहिली. आत्याबाईंनी सांगून अर्धे पान भरले. आमच्या दोघींच्या नावाचे पान अजून कोरे आहे. त्या दिवशी आम्ही शेजारच्या खोलीतच होतो. पण ऐकत नव्हतो.